आगळाची टाकी, तीन तक्रारी आणि रॉडवर आलेला आळ

टाकी परत आली ती कोकमाचा हंगाम संपायच्या आतच. ५०० लिटरची, ३१६एल ग्रेडच्या स्टेनलेस पत्र्याची, वरून उघडी, तळ निमुळता, खाली तीन एमएसचे, म्हणजे साध्या लोखंडाचे, पाय. कुडाळ एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपनं ती बनवली होती आणि आगळ-सरबताचा धंदा करणाऱ्या गिऱ्हाइकानं टेम्पोत घालून परत पाठवली. तक्रारी तीन. बाहेरून जोडालगत तांबूस ठिपके. आतून शिवणीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आणि काळपट पट्टा. आणि एका पायाच्या जोडाला तडा.

मालकांचं निदान तयार होतं. "रॉडच डुप्लिकेट असतलो," म्हणाले. रॉड म्हणजे वेल्डिंग करताना जोडात वितळवून भरायची धातूची काडी.

वेल्डिंग तपासणी हे माझं काम, मालक ओळखीचे, म्हणून टाकी माझ्यापुढे आली. निकाल आधीच सांगून टाकतो: तीनपैकी एका तक्रारीत रॉड दोषी होता, एकीत अर्धा दोषी आणि एकीत पूर्ण निर्दोष. डुप्लिकेट मात्र कुठेच नव्हता.

आधी वर्कशॉपबद्दल. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड ही मूळची कामं, सगळी एमएसची. पुढे बंगल्यांचे स्टेनलेसचे रेलिंग आले आणि त्यासाठी आर्गॉनचं, म्हणजे टिग वेल्डिंगचं, मशीन घेतलं. रेलिंगच्या कामात हात पटकन बसतो, पण तो बसतो तो रेलिंगपुरताच. पाइप बहुतेकदा २०० सिरीजच्या स्वस्त स्टेनलेसचा, भिंत पातळ. दोन तोंडं घट्ट बसवायची, रॉड न घालता आर्कनं, म्हणजे विजेच्या ठिणगीच्या उष्णतेनं, वितळवून एकजीव करायची, वरून फ्लॅप डिस्क आणि बफ मारून चकचकीत करायची. पाइपच्या आत काय झालं हे आयुष्यात कोणी बघत नाही. आयटीआय झालेला, डोळ्यानं काम शिकणारा एक चांगला वेल्डर याच पद्धतीत तयार झाला होता. टाकीची ऑर्डर आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, स्टेनलेस ते स्टेनलेस.

तसं ते नसतं, आणि आगळाच्या बाबतीत तर अजिबात नसतं. कोकमाची सालं मिठात मुरवून सुटलेला रस म्हणजे आगळ. म्हणजे आंबटही आणि खारटही. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर मिठातल्या क्लोराइडला घाबरतो. थर जिथे कमजोर असेल तिथे क्लोराइड शिरतं आणि सुईनं टोचल्यासारखा खड्डा पडतो. नेहमीच्या ३०४ स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते याच खड्ड्यांना आवर घालतं. गिऱ्हाइकानं ३१६एल मागितला ते बरोबरच होतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर आगळ महिनोन् महिने साठवायला चिनी मातीची बरणी नाहीतर खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा ड्रम बरा. स्टेनलेसची टाकी ढवळायला, गाळायला, रात्रभर ठेवून सकाळी बाटल्या भरायला. हे गिऱ्हाइकालाही सांगितलं, त्याला पटलं.

आता तक्रारींकडे. बाहेरचे तांबूस ठिपके सगळ्यात सोपे निघाले. ठिपके शिवणीवर नव्हते, शिवणीच्या दोन्ही बाजूंना होते आणि एका दिशेनं ओढल्यासारखे होते. ब्रश फिरवल्याची दिशा. वर्कशॉपमध्ये तारेचा ब्रश एकच, तोच एमएसवर, तोच टाकीवर. शिवाय टाकीपासून चार हातांवर गेटचं ग्राइंडिंग चालू असायचं. ब्रशनं घासून बसवलेला आणि ठिणग्यांमधून उडून आलेला लोखंडाचा कण स्टेनलेसच्या अंगावर गंजतो आणि बघणाऱ्याला वाटतं की पत्राच गंजला. कोकणातल्या दमट हवेत याला महिनाही लागत नाही. खात्री करायला काही यंत्र लागत नाही: जागा साफ करून ओली करायची, वाळू द्यायची, परत ओली करायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. मोरचुदाच्या द्रावणाचीही एक चाचणी असते, लोखंड असेल तिथे तांबं चढतं, पण खाद्यपदार्थ लागणाऱ्या पृष्ठभागावर ती करत नाहीत. इथे रॉडचा काहीही संबंध नव्हता.

पायाचा तडा मात्र रॉडचाच. टाकीचे पाय एमएसच्या पाइपचे, ते थेट ३१६एलच्या अंगाला जोडलेले, आणि जोडायला वापरलेला रॉड ३०८एल. का, तर दुकानात जाऊन "एसएसचा रॉड द्या" म्हटलं की हातात ३०८एलच पडतो. ३०८एल हा ३०४ ला ३०४ जोडायचा रॉड. एका बाजूला साधं लोखंड आलं की हिशेब बदलतो, कारण वितळलेल्या डबक्यात रॉडबरोबर दोन्ही बाजूंचा धातू मिसळतो. एमएस मिसळला की क्रोमियम-निकेलचं प्रमाण घसरतं, आणि ठरावीक हद्दीखाली गेलं की थंड होताना तिथे मार्टेन्साइट तयार होतं: कडक आणि ठिसूळ. त्यात रेलिंगचा हात. रॉड नावाला घातलेला, बाकी दोन्ही तुकडेच वितळवून एकजीव केलेले. म्हणजे डबक्यात एमएसचा वाटा आणखी जास्त. भरलेली टाकी, टेम्पोतले धक्के, आणि तडा नेमका एमएसच्या बाजूला वेल्डच्या कडेनं गेला.

या जोडासाठी ३०९एल असतो. त्यात क्रोमियम २३ ते २५ टक्के आणि निकेल १२ ते १४ टक्के. एवढी श्रीमंती मुद्दाम ठेवलेली, की साधं लोखंड मिसळलं तरी उरलेलं मिश्रण स्टेनलेसच राहावं. तरीही रॉड सढळ हातानं घालावा लागतो आणि आर्क किंचित स्टेनलेसकडे झुकता ठेवावा लागतो. दुरुस्ती करताना पाय थेट टाकीला जोडलेच नाहीत. आधी टाकीच्या अंगाला ३१६एल पत्र्याचे गोल पॅड ३१६एल रॉडनं जोडले, मग पॅडला पाय ३०९एलनं. टाकीच्या पातळ भिंतीच्या मागे आगळ असणार, तिथपर्यंत एमएसचं मिश्रण जायलाच नको.

हे ऐकल्यावर मालकांना एक युक्ती सुचली, जी या धंद्यात बऱ्याच जणांना सुचते: ३०९एल जर इतका चांगला तर तोच सगळीकडे वापरूया. नाही. नेहमीच्या ३०९एलमध्ये मॉलिब्डेनम नसतं. ३१६एलच्या टाकीत आतल्या शिवणीला तो वापरला की पत्रा मिठाला तोंड देईल आणि शिवण देणार नाही.

हेच थोड्या वेगळ्या वाटेनं या टाकीत घडलं होतं. तिसरी तक्रार, आतले खड्डे. उभ्या शिवणीवर आणि तळाच्या गोल शिवणीवर दोन्हीकडे खड्डे होते, पण सारखे नव्हते. उभ्या शिवणीवर ते फक्त मुळाच्या बाजूला, म्हणजे आर्क बाहेरून दिला त्याच्या पाठीला. तळाच्या शिवणीच्या एका भागात मात्र आतून ओढलेल्या गुळगुळीत रनवर, म्हणजे वेल्डच्या पट्ट्यावरसुद्धा खड्डे. मॉलिब्डेनम ओळखायचं एक द्रावण मिळतं: त्याचा थेंब पृष्ठभागावर टाकून छोट्या बॅटरीचा करंट द्यायचा, मॉलिब्डेनम असेल तर रंग येतो. पत्र्यावर रंग आला, उभ्या शिवणीवर आला, तळाच्या त्या भागात अगदी फिका. नंतर पीएमआय गन, म्हणजे धातूत काय किती मिसळलंय ते दाखवणारं यंत्र, लावली तेव्हा तिथे मॉलिब्डेनम एक टक्क्याच्या आत दिसलं. जे होतं ते पत्र्यातून मिसळलेलं. रॉड ३०८एल.

मुद्दाम कोणी घातला नव्हता. दोन्ही ग्रेडचे रॉड एकाच पीव्हीसी पाइपात उभे होते. टिगचे रॉड मीटरभर लांब, चांगल्या कंपनीच्या रॉडवर टोकाला ग्रेड ठोकलेली असते. वेल्डर रॉड धरताना कधी हे टोक हातात धरायचा, कधी ते. ठोकलेलं टोक आधी वितळलं की उरलेला तुकडा अनोळखी. डोळ्याला ३०८एल आणि ३१६एल सारखेच दिसतात. चुंबकही कामाचा नाही; दोन्हीच्या वेल्डमध्ये चुंबकाला ओढलं जाणारं थोडं फेराइट असतंच, आणि ते असावंच लागतं, नाहीतर वेल्ड गरम असतानाच चिरतो. ३०४ ला ३०४ चाच रॉड का नाही, ३०८ का, याच्या कारणांत हेही एक आहे: रॉडची बनावट अशी ठेवतात की थंड झालेल्या वेल्डमध्ये ते थोडं फेराइट उरावं.

मागच्या 'एल'बद्दल मालकांनी विचारलं होतं. त्याचा अर्थ कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांच्या आत. जास्त कार्बनचं स्टेनलेस ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळलं की कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमेवर बसतो आणि आजूबाजूचा धातू क्रोमियमला मुकतो. दोन मिमी पत्र्याला हा धोका मोठा नाही, पण बाजारात आता एल ग्रेडच सहज मिळते, त्यामुळे साधी घेण्यात काही हशील नाही.

इथे मी एक सल्ला दिला जो पुस्तकी पद्धतीत बसत नाही. पुस्तकात प्रत्येक पत्र्याला त्याचा रॉड. पण ज्या वर्कशॉपमध्ये रॉड मिसळण्याचीच भीती आहे तिथे रॉडच कमी करावेत. या टाकीच्या दोन मुख्य शिवणी मिळून साडेतीन मीटर भरतात. एवढ्या शिवणीला दोन मिमी पत्र्यात पाव किलो रॉडही लागत नाही, आणि नुसता अंगाचा पत्रा पन्नास किलोच्या आसपास. ३१६एलचा रॉड महाग आहे म्हणून ओरडायचं कारण काय? अशा कामात ३०४ ला ३१६एल रॉड चालतो. उलटं चालत नाही. तेव्हा खाण्यापिण्याच्या सगळ्या कामाला ३१६एल, एमएसच्या जोडाला ३०९एल, आणि शिल्लक ३०८एल रेलिंगच्या टेबलाकडे, लाल रंग मारलेल्या वेगळ्या पाइपात. टोकावरचा शिक्का गेलेला प्रत्येक तुकडाही तिकडेच.

पण तिसऱ्या तक्रारीतला मोठा वाटा रॉडचा नव्हताच. उभ्या शिवणीत रॉड अचूक होता, ३१६एल, तरीही पाठीला खड्डे. पाठ बघितली आणि कारण समोर होतं: काळी, खरखरीत, साखरेचे दाणे चिकटल्यासारखी. बाहेरून आर्क देताना टॉर्चमधला, म्हणजे हातात धरायच्या वेल्डिंगच्या दांड्यातला, आर्गॉन पुढची बाजू झाकतो, मागची बाजू उघड्या हवेत वितळते. क्रोमियम जळून जातं, भेगाळ कवच उरतं, आणि त्या भेगांत मिठाचं पाणी बसून राहतं. मग रॉड सोन्याचा असला तरी उपयोग नाही. वेल्डर बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता, "ग्यास वाढवलंय तरी पाठ काळीच पडता." टॉर्चचा गॅस कितीही वाढवला तरी पाठीला पोचत नाही, उलट टॉर्चच्या तोंडाच्या लहान कपमधून फार जोरात सोडला तर झोत घुसळतो आणि हवाच आत ओढतो. आठ-दहा लिटर प्रतिमिनिट पुरतात. मागच्या बाजूला आर्गॉन वेगळाच द्यावा लागतो, त्याला पर्जिंग म्हणतात, आणि ते केलं नव्हतं कारण मालकांना हिशेब परवडत नव्हता.

हिशेब खरंच परवडला नसता, कारण त्यांनी तो पूर्ण टाकीचा केला होता. आतली हवा हुसकून लावायला जागेच्या आठ-दहा पट आर्गॉन सोडावा लागतो. ५०० लिटरच्या टाकीला ५००० लिटर, आणि सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७००० लिटर. एका शिवणीला पाऊण सिलिंडर कोण घालवेल? पण टाकी भरायची गरजच नाही. शिवणीच्या पाठीला मीटरभर लांबीचं पत्र्याचं उथळ चॅनेल लावायचं, पन्नास मिमी रुंद, पंचवीस मिमी खोल, कडा ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद, एका टोकाला गॅसची नळी, दुसऱ्या टोकाला बारीक भोक. आतली जागा सव्वा लिटर. मिनिटाला पाच लिटरनं अडीच मिनिटांत दहा वेळा बदलते. मग प्रवाह थोडा कमी करून शिवण मारायची. मालक हा आकडा ऐकून थोडा वेळ गप्प बसले आणि मग चॅनेल वाकवायला स्वतःच उठले.

आत हवा उरली की नाही हे तपासायला पेटता लायटर धरायची एक पद्धत वर्कशॉपांत चालते. तिच्यावर जाऊ नये. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. वेल्डच्या पाठीला ऑक्सिजन चालतो तो टक्क्याच्या अंशाएवढाच. त्यापेक्षा भंगार पट्टीवर एक टॅक, म्हणजे छोटा टाका, मारून पाठीचा रंग बघावा. चांदीसारखा किंवा फिका पिवळा आला तर पुढे जा, निळा-जांभळा आला तर अजून सोडा, राखाडी आला तर टेप कुठेतरी सुटली आहे.

आणि एक गोष्ट जी तिथे कोणाच्या ध्यानातच नव्हती. तळाची शिवण आतून मारताना वेल्डर उभ्या टाकीत उतरून बसला होता. आर्गॉन हवेपेक्षा जड. उघड्या तोंडाच्या टाकीत तो विहिरीत पाणी साचावं तसा तळाशी साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस सरळ बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. आता टाकी आडवी करतात, तोंडाशी ब्लोअर लावून हवा खेळती ठेवतात, आणि बाहेर एक माणूस नुसता लक्ष ठेवायला उभा असतो. या नियमाला काम छोटं-मोठं असा भेद नाही.

मग शिकवणं. वेल्डरचा आर्क स्थिर होता, उणीव डाव्या हातात होती. रेलिंगला रॉड लागतच नसल्यानं डावा हात रिकामाच असायचा. टिगमध्ये उजवा हात फक्त डबकं सांभाळतो, डबक्याला खायला घालतो तो डावा. रॉड तर्जनी आणि मधल्या बोटावर टेकवायचा, अंगठ्यानं थोडा पुढे ढकलायचा, अंगठा मागे घ्यायचा, परत ढकलायचा, आणि हे होताना मनगट हलू द्यायचं नाही. त्याला मी रॉडचा एक तुकडा ग्लोव्हसकट घरी दिला. आईनं मालिका लावली की तो समोर बसून रॉड सरकवत बसायचा. पहिल्या आठवड्यात रॉड सारखा जमिनीवर. मग एके दिवशी बोलता बोलता सरकायला लागला, बघायची गरज उरली नाही.

टेबलावर क्रम असा ठेवला: आधी दोन मिमी पट्टीवर रॉडशिवाय सरळ रेषा, मग पट्टीवर रॉड घालून रन, मग लॅप (एकावर एक पट्टी), मग बाहेरचा कोपरा, आणि बट (कडेला कड) जोड शेवटी. करंट ६० ते ७० अँपिअर, डीसी, टॉर्च निगेटिव्हला. टॉर्चमधली आर्क देणारी टंगस्टनची काडी १.६ मिमीची, टोक लांबीच्या दिशेनं घासलेलं. आडवं घासलं की त्या चरांवर आर्क भरकटतो. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊ नये, म्हणून निळ्या टोकाचं लँथेनमवालं आणवलं. आर्कची उंची टंगस्टनच्या जाडीएवढीच. टॉर्च थोडी मागे कललेली, रॉड समोरून अगदी आडवा. रॉडचं तापलेलं टोक दोन घासांच्या मध्ये गॅसच्या छत्राबाहेर काढायचं नाही, ही सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ गेला. स्टिक, म्हणजे साध्या रॉडच्या वेल्डिंगची सवय असलेल्याचा हात झटका देऊन मागे येतो. मागे आलेलं लाल टोक हवेत काळं पडतं आणि पुढच्या घासाला तो काळा ऑक्साइड डबक्यात. शिवण संपली की करंट हळूहळू उतरवायचा, नाहीतर शेवटच्या खळग्यात ताऱ्यासारखी चीर पडते, आणि आर्क विझल्यावरही टॉर्च सात-आठ सेकंद तिथेच धरायची. मोबाइल घ्यायला हात लगेच वळतो, तो आवरावा लागतो.

पंखा बंद. कोकणातल्या मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण दार उघडं आणि पंखा चालू ठेवून आर्गॉन टिकत नाही.

पत्रा वाकण्याचा त्रास मी गृहीतच धरला होता. एमएसच्या तुलनेत हे स्टेनलेस उष्णता तिसऱ्या हिश्श्यानंच वाहून नेतं आणि फुगतं मात्र दीडपट. उष्णता जिथे दिली तिथेच साचते आणि शिवण होडीच्या बुडासारखी फिरते. टॅक दर ३०-४० मिमीवर, मागे तांब्याची पट्टी किंवा पर्जचं चॅनेल, तुकड्या-तुकड्यात उलट्या दिशेनं शिवण. रंग सोनेरी ठेवायचा असेल तर वेग वाढवावा लागतो, आणि वेग वाढवायला डावा हात तयार लागतो. त्याशिवाय करंटच्या आकड्याला अर्थ नाही.

टाकीचं पुढे असं झालं. निमुळता तळ पूर्ण कापून टाकला आणि नवा बसवला. मिसळलेली शिवण खरवडत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. उभ्या शिवणीची पाठ फक्त स्टेनलेससाठी ठेवलेल्या डिस्कनं चांगला धातू लागेपर्यंत घासली आणि आतून हलका रन दिला, या खेपेला बाहेरून चॅनेल लावून. बाहेरच्या ठिपक्यांना आणि सगळ्या रंगलेल्या पट्ट्यांना पिकलिंग पेस्ट, म्हणजे गंज आणि काळपटपणा उतरवणारं आम्लाचं मलम. या पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. कातडीवर पडलं तर सुरुवातीला कधी कधी दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल समोर ठेवल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि धुतलेल्या पाण्यातलं आम्ल चुन्यानं मारल्याशिवाय ते गटारात सोडायचं नाही. एमएसचं ग्राइंडिंग शेडच्या दुसऱ्या टोकाला गेलं, मध्ये ताडपत्री आली. स्टेनलेसच्या ब्रशला निळा दोरा बांधला.

गिऱ्हाइकानं टाकी नेली आणि पुढच्या हंगामासाठी दुसरी सांगितली. दरम्यान मालवणच्या एका हॉटेलातून ३०४ च्या टेबलांची ऑर्डर आली तेव्हा मालकांनी विचारलं, याला पण मागून आर्गॉन? टेबलाला नाही, सिंकच्या जोडाला हो, एवढंच ठरलं. कोटेशनमध्ये आता 'पर्जिंग' ही वेगळी ओळ असते, आणि घासाघीस करायला गिऱ्हाईक सगळ्यात आधी तीच ओळ धरतं.